सगळेच सर्जनफिश शेवाळावर जगत नाहीत

सर्जनफिश (शेपटीच्या बुडाशी धारदार काटा असलेले, प्रवाळभिंतीवरचे मासे) शेवाळ खातात, म्हणून सगळे प्रवाळभिंतीच्या एकाच पट्ट्यात सापडतात, असं म्हणतात ते निम्मंच बरोबर आहे. त्यांच्यातल्या टेनोकीटस गटातल्यांचे दात ब्रशच्या केसांसारखे बारीक. ते खडकावरचा गाळ विंचरून काढतात. अकँथुरस थॉम्पसनाय ही जात घ्या, तो तर बाहेरच्या उतारावर, भिंतीपासून सुटून, थव्याने प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) टिपतो.

याउलट निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा अकँथुरस लिनिएटस, लाटा फुटतात तिथेच, अगदी उथळ पाण्यात. आपल्या शेवाळाच्या तुकड्यावर तो कुणाला फिरकू देत नाही. स्नॉर्केलिंग करताना एकाला त्याच्या दुप्पट आकाराच्या पोपटमाशावर तीनदा धावून जाताना पाहिलंय. शेपटीच्या बुडाशी असलेला त्याचा काटा वस्तऱ्यासारखा कापतो, तेव्हा हात लांबच ठेवा.