मदत हवी आहे: ‘अ टच ऑफ झेन’ सलग दाखवावा की दोन भागांत?

नमस्कार. आमच्या चित्रपट मंडळात किंग हू यांचा ‘अ टच ऑफ झेन’ हा तैवानमध्ये तयार झालेला तलवारपट दाखवायचा आहे, त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सुमारे तीन तासांच्या या चित्रपटात सुरुवातीचा बराच वेळ एकही मोठी लढाई होत नाही. चीनमधील मिंग राजवटीच्या काळातला एक गरीब चित्रकार, शेजारची ओसाड गढी आणि तिथे लपून राहणारी तरुणी यांच्याभोवती गूढ हळूहळू दाटत जाते, आणि माझ्या मते हा संथपणाच चित्रपटाचा प्राण आहे. तैवानमध्ये तो मुळात दोन भागांत प्रदर्शित झाला. १९७५ साली कान महोत्सवात पुरस्कार मिळाला तो मात्र अखंड आवृत्तीला. बांबूच्या बनातील झुंजीपाशी, जिथे नायिका उंच झेपावून शत्रूवर थेट खाली झेप घेते आणि ती झेप छोट्या छोट्या तुकड्यांच्या संकलनातून साकारते, तिथे मध्यंतर घेतले तर रसभंग होईल का?

शिवाय युद्धदृश्ये रचणारे हान यिंगजी पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्याच्या परंपरेत घडलेले होते. त्या रंगपरंपरेतील तालवाद्ये आणि पदन्यास ओळखता येतील, असे प्रास्ताविकात काय दाखवावे, हेही कृपया सुचवावे.