अपवादाने नियम सिद्ध होतो म्हणजे नक्की काय होतं?

'एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' असं वादात कोणी फेकलं की माझं डोकंच फिरायचं. म्हणजे बघा, समोरचा म्हणतो उंच माणसं भित्री असतात, आपण म्हणावं अरे पण तो अमुक सहा फूट दोन इंच आहे आणि कोणाच्या बापाला भीत नाही, तर हा लगेच हेच वाक्य तोंडावर मारणार आणि वाद खलास! अरे नियम खोटा पडला ना, सिद्ध कसला?

एक खुलासा सारखा ऐकू येतो की इथे 'प्रूव्ह' म्हणजे पारखणं. तो जुना अर्थ खराच आहे, 'प्रूव्हिंग ग्राउंड'मध्ये, म्हणजे शस्त्रं वगैरे पारखायच्या मैदानाच्या नावात, तोच आहे, पण इथे तो लावायची गरजच नाही. घोळ 'एक्सेप्शन'पाशी आहे. नियमात न बसणारा नमुना असा अर्थ आपण घेतो, मूळ अर्थ मुद्दाम वगळणं. पूर्ण लॅटिन वाक्य 'एक्सेप्शिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्टिस', म्हणजे जे वगळलेलं नाही तिथे नियम लागू आहे हे वगळण्यावरूनच कळतं. इंग्रजीत शेपूट गळलं आणि अर्थ उलटा झाला.

दारावर 'सोमवारी बंद' एवढीच पाटी असते. बाकीचे सहा दिवस उघडं असतं हे कुठेच लिहिलेलं नसतं, तरी आपण मंगळवारी बिनधास्त जातो. झालं, हाच तो सिद्ध झालेला नियम.

याचं मूळ प्राचीन रोममधला वकील आणि वक्ता सिसेरो याच्या इ.स.पू. 56 मधल्या भाषणात सांगतात. बाल्बस नावाच्या, मूळच्या रोमबाहेरच्या माणसाला मिळालेल्या रोमन नागरिकत्वावर खटला होता आणि सिसेरो त्याच्या बाजूने बोलत होता; विरोधकांचं म्हणणं की काही जमातींशी केलेल्या तहांत त्यांच्यातल्या कोणाला नागरिकत्व देऊ नये असं कलमच आहे. सिसेरो म्हणाला, तिथे मुद्दाम लिहावं लागलं, म्हणजे जिथे लिहिलेलं नाही तिथे देता येतं! बाल्बस सुटला.

आणि गंमत म्हणजे आपला 'अपवाद' शब्द संस्कृत व्याकरणात याच अर्थाचा आहे. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम, अपवाद म्हणजे ठरावीक जागी त्याला अडवणारा दुसरा नियम, आणि तेवढी जागा सोडली की उरलेलं सगळं उत्सर्गाचं. त्यामुळे मराठी भाषांतर चुकलंय असं मी म्हणणार नाही, वापर चुकतो. त्या सहा फूटवाल्याला कुठल्या नियमातून कोणी वगळलं होतं?