छोंगचेन सम्राट : परिस्थितीचा बळी की स्वतःच्या संशयाचा?

धागाकर्ता :
चीनच्या मिंग घराण्याचा अखेरचा सम्राट छोंगचेन याच्या माथी साम्राज्य बुडवल्याचे सगळे खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते. १६२७ मध्ये तो सोळाव्या वर्षी गादीवर आला, तेव्हा दरबार वेई चोंगशियान या खोजाच्या मुठीत होता आणि या पोरसवदा राजाने काही महिन्यांतच त्याला दूर केले. परंतु खजिन्यात खडखडाट, ईशान्येला चढाई करणारे मांचू लोक आणि शेन्सी प्रांतात दुष्काळ! आजोबा वान्ली वर्षानुवर्षे दरबारात फिरकलेच नव्हते, त्याचे फळ नातवाच्या पदरात पडले.

प्रतिसाद १ :
असहमत. १६२९ मध्ये मांचू फौजा बीजिंगच्या तटापर्यंत पोहोचल्या, तेव्हा राजधानीच्या बचावासाठी धावून आलेल्या युआन छोंगह्वान या सेनापतीलाच त्याने फितुरीच्या संशयावरून कैदेत टाकले आणि पुढच्या वर्षी हालहाल करून मारले. सतरा वर्षांत सर्वोच्च मंत्रिमंडळावर पन्नासेक माणसे आली आणि गेली. असा धनी असेल तर खरे बोलणार कोण?

धागाकर्ता :
युआनने माओ वेनलोंग या सरदाराला बादशाही हुकुमावाचून ठार केले होते, तेव्हा संशय अगदीच निराधार नव्हता. शिक्षा मात्र अमानुष होती, हे मान्य.

प्रतिसाद २ :
दोघेही दरबारातच अडकलात. मांचूंशी लढण्यासाठीचा जादा कर दुष्काळात माफ करण्याऐवजी वाढवला गेला आणि बचतीपायी सरकारी डाकचौक्या कमी केल्या गेल्या. पुढे बीजिंग घेणारा बंडखोर ली त्सुछंग हा अशाच एका चौकीवरचा नोकर होता, असे सांगतात.

प्रतिसाद १ :
त्यात भर घालतो. मांचूंशी गुप्त तहाची बोलणी सम्राटाच्याच संमतीने चालली होती. ती फुटताच १६४२ मध्ये त्याने युद्धमंत्री छन शिनच्या याचा बळी दिला. १६४४ मध्ये ली त्सुछंग बीजिंगवर चालून येत असताना दक्षिणेकडच्या नानजिंगला निघून जाण्याचा मार्ग होता, पण त्याचा दोष आपल्याऐवजी मंत्र्यांच्या अंगावर यावा या घोळात वेळ निघून गेली आणि २५ एप्रिलला राजवाड्यामागच्या टेकडीवर त्याने गळफास घेतला. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या अखेरच्या संदेशातही तो मंत्र्यांनाच दोष देतो.

धागाकर्ता :
संदेश मानायचा तर पुरता माना. माझ्या देहाची हवी तशी विटंबना करा, पण प्रजेला धक्का लावू नका, अशी विनवणीही त्यातच आहे.