‘मर्त्य’, ‘नश्वर’ की ‘आयुष्य सरत आलेले’?

प्रश्न : ‘मेबी हॅपी एंडिंग’ या कोरियन म्युझिकलवर टिपण लिहिते आहे. पार्क चन-ह्यू आणि विल अ‍ॅरनसन या जोडीचं हे नाटक २०१६ साली सोलमध्ये रंगमंचावर आलं, २०२४च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेच्या बेलॅस्को थिएटरात पोचलं आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम म्युझिकलसह ६ टोनी (ब्रॉडवेच्या नाटकांना मिळणारे) पुरस्कार घेऊन गेलं. ऑलिव्हर आणि क्लेअर हे दोन जुने झालेले मदतनीस रोबॉट. त्यांचे सुटे भाग आता बनत नाहीत. त्यांच्या या अवस्थेला काय म्हणावं? ‘मर्त्य’ लिहिलं, पण पटत नाही.

– ‘मर्त्य’ नकोच. मर्त्यलोक माणसांचा, आणि त्या शब्दासमोर अमर देव उभे असतात. इथे देव कुठे आहेत? ‘नश्वर’ म्हटलं की कीर्तन ऐकू येतं: देह नश्वर, माया सोडा. हे नाटक तर माया लागण्याचंच आहे.

– ‘कालबाह्य’ कसा वाटतो?

– तो कंपनीच्या बाजूने बोलणारा शब्द आहे. टाकून देण्याजोगं, असा त्याचा सूर. क्लेअर ऑलिव्हरपेक्षा नवं मॉडेल, तरी टिकाऊपणात कमी; बॅटरी तिचीच आधी दगा देते. ती कालबाह्य म्हणून संपत नाही, झिजून संपते.

– मग ‘शेवटच्या घटका मोजणे’? घटिकापात्र, म्हणजे जुन्या काळी वेळ मोजायचं भांडं, पाण्यावर तरंगतं, तळाच्या भोकातून भरत जातं आणि बुडतं. यंत्राला यंत्राचीच उपमा मिळते.

– उपमा सुरेख आहे, पण वेळ चुकते. शेवटच्या घटका अंथरुणाला खिळलेला माणूस मोजतो. हे दोघे काजवे बघायला आणि ऑलिव्हरच्या जुन्या मालकाला, जेम्सला, शोधायला जेजू बेटावर निघतात.

माझं मत ‘आयुष्य’ला. आपण बॅटरीचं आयुष्य म्हणतो, पुलाचं म्हणतो, माणसाचंही म्हणतो, आणि कुठेच अडखळत नाही. ‘आयुष्य सरत आलेले दोन रोबॉट’ लिहा. ‘सरणे’ तेलालाही चालतं, दिवसालाही.

– सहमत. नात्यासाठी मात्र ‘मैत्री’पेक्षा ‘सोबत’ बघा. त्यांची ओळख होते ती क्लेअर चार्जर उसना मागायला दार ठोठावते तेव्हा. आणि त्याआधी ऑलिव्हरच्या खोलीत त्याच्या सोबतीला असतं एक झाड, ह्वाबुन. कोरियनमध्ये ह्वाबुन म्हणजे कुंडी! इंग्रजी प्रयोगातही हेच नाव ठेवलं आहे, तुम्हीही बदलू नका. प्रेम पुढे येतं, पण सोबत आधीपासून आहे.

– ‘म्युझिकल’ला ‘संगीत नाटक’ म्हणू का?

– ‘म्युझिकल’च राहू द्या. १८८०च्या ‘संगीत शाकुंतल’पासून ‘संगीत नाटक’ या शब्दाला नाट्यपदं आणि रागदारी चिकटली आहे, इथे ऑलिव्हरला जॅझचं वेड आहे.