बहिणीचा खुब्याचा एमआरआय: लॅब्रम फाटलंय म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल का?

बहीण 27 वर्षांची आहे, लांब पल्ल्याचं धावते. काही महिन्यांपासून उजव्या जांघेत खोल दुखतं. पूर्वी फक्त धावताना दुखायचं, आता चालतानाही कळ येते. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसलं नाही. एमआरआयचा रिपोर्ट असा:

'लॅब्रमला (खुब्याच्या खोबणीच्या कडेच्या कूर्चेला) पुढे-वरच्या बाजूला फाट. अल्फा अँगल 62 अंश, कॅम प्रकारची ठेवण (मांडीच्या हाडाच्या डोक्याजवळचा फुगवटा; अल्फा अँगल हे त्याचं माप). फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) मानेत आतल्या-खालच्या बाजूला बोन मॅरो एडिमा (हाडाच्या आतली सूज). एव्हीएनची (रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याची) चिन्हं नाहीत.'

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. 'फाट' वाचल्यापासून घरात सगळे ऑपरेशनबद्दलच बोलतायत. बहिणीला स्पर्धा सोडायची नाही, तोवर हळूहळू धावू का म्हणते. तिला काय सांगू?

प्रतिसाद:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, खुब्याचे पेशंट रोज बघते. लॅब्रमची फाट आणि कॅम, दोन्ही अजिबात न दुखणाऱ्या तरुणांच्या एमआरआयमध्येही सर्रास सापडतात. 62 चा कोन जास्त आहे खरा, पण तक्रार, तपासणी आणि चित्र तिन्ही जुळल्याशिवाय इम्पिंजमेंटचं (खुब्यात हाडं एकमेकांवर आपटून दुखण्याचं) निदान करत नाहीत. त्यामुळे ऑपरेशनचा विषय आत्ता बाजूला ठेवा.

मला काळजी वाटते ती तिसऱ्या वाक्याची. धावपटूच्या फीमरच्या मानेतला एडिमा म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत स्ट्रेस इंज्युरी, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून हाडाला झालेली इजा. एक्स-रे सुरुवातीला बऱ्याचदा साफ येतो, म्हणून त्यावर विसंबू नका. खालची बाजू दाबाची असते, तिथली इजा बहुतेक वेळा भार कमी करून भरून येते. वरची बाजू ताणाची, तिथे हाड सरकण्याचा धोका मोठा. हाड सरकलं तर फीमरच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि या वयात ते फार महागात पडतं.

धावणं आजच बंद. त्या पायावर भार देऊ नये, कुबड्या घ्या. पुढच्या आठवड्याची वाट न बघता उद्याच ऑर्थोपेडिक डॉक्टरांना फोन करा. एडिमात टी1 वर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांत) काळी रेघ, म्हणजे फ्रॅक्चर लाइन, दिसते का आणि ती मानेच्या निम्म्या रुंदीपलीकडे जाते का, हे रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या. हाडांच्या ताकदीशी संबंध असतो म्हणून विचारते: तिची पाळी नियमित आहे का? खाणं पुरेसं आहे का? व्हिटॅमिन डी तपासलंय का?

धागाकर्ता:
मनापासून आभार. कुबड्या आणल्या, डॉक्टरांनी उद्या सकाळी बोलावलंय. पाळी कित्येक महिने आलेलीच नाही. धावणाऱ्या मुलींचं असंच असतं असं समजून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. हेही उद्या डॉक्टरांना सांगते.