सोलापुरात तुमच्या हातात पहिलं काम कुणी दिलं? (अनुभव धागा)

12 जानेवारीला आपल्याकडे तीन गोष्टी एकदम येतात. जिजाऊंची जयंती, विवेकानंदांच्या जयंतीचा युवा दिन, आणि सोलापूरचा हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 1931 साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. कुर्बान हुसेन यांचा जन्म 1910 चा. विशी नुकती गाठलेला मुलगा! आणि यांच्या पाठोपाठ लगेच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा.

या दिवसांत तरुणांना उद्देशून भाषणं पुष्कळ होतात. मी एका वाचनालयात काम करते. तिथे अभ्यासाला येणारी पोरं वेगळंच बोलतात. "मॅडम, आम्हाला बोलावतात सगळे, काम कोण देत नाही." हे वाक्य मला फार लागलं. म्हणून हा धागा. पद कुठलं मिळालं, सत्कार कुठे झाला ते नको. कुणीतरी विश्वासानं एखादं काम तुमच्यावर सोपवलं असेल, तर ते काय होतं आणि त्यात काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहा. माणसांची नावं मात्र लिहू नका.

अशोक चौक परिसर, वय 23

आमच्या पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथोत्सव झाला की गणपतीची चाहूल लागते, अन् गल्लीगल्लीत लेझमीचा सराव दिसायला लागतो. आमच्या मंडळात पोरांचं पथक जुनं, पोरींचं मागाहून झालं. मी दुसऱ्या रांगेत खेळायची. एका वर्षी पथक चालवणाऱ्या ताईचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. मंडळातल्या एका वडीलधाऱ्या अण्णांनी माझ्या हातात शिट्टी दिली अन् म्हणाले, "आता तू बघ."

शिट्टी हातात आली की खेळणं संपतं. तुम्ही मिरवणूकभर उलटं चालता. तोंड पथकाकडं, पाठ रस्त्याकडं. पुढच्या रांगेला हलगी नीट ऐकू येते, पण मागच्या रांगेपाशी दुसऱ्या मंडळाचा ताशा असतो, त्यामुळं ताल मागं तुटतो. म्हणून मी खुणा बसवल्या. एक लांब शिट्टी म्हणजे जागेवर थांब, दोन बारीक शिट्ट्या म्हणजे डाव बदल, अन् हात वर गेला की शिट्टीकडं लक्षच द्यायचं नाही, हाताकडं बघायचं. सगळ्यात भरवशाच्या दोघी शेवटच्या रांगेत ठेवल्या. पहिल्यांदा त्यांना राग आला, त्यांना वाटलं मागं टाकलं. पण मागची रांग टिकली तरच पथक टिकतं हे सरावातच दिसलं, मग त्याच अभिमानानं मागं उभ्या राहायला लागल्या.

खरं काम मात्र मैदानावर नव्हतं. घराघरांत जाऊन आयांशी बोलायचं होतं. आमच्याकडं बोलणं तेलुगूत, त्यामुळं अडचण नव्हती, पण प्रश्न सगळ्यांचा एकच. पोरगी रात्री घरी कशी येणार? मी गल्लीप्रमाणं यादी केली. कोण कुणाबरोबर निघणार, कुणाचं घर शेवटी येतंय, शेवटच्या घरापर्यंत कोण जाणार, सगळं कागदावर. सराव नऊला बंद म्हणजे बंद. ती यादी मंडळाच्या फळ्यावर लावली. त्या यादीमुळं ज्या पोरी कधी आल्या नसत्या त्या आल्या. लेझीम तर सगळ्यांनाच येतंय की, आमच्यात लहान पोरं पण खेळतात. यादी कुणी करत नव्हतं.

आता मी कंपनीत कामाला आहे. शिट्टी गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीकडं दिली. यादीही.

बाळीवेस, मंडळाचा खजिनदार

वरच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. मला अठरावं लागलं तेव्हा मंडळानं पावतीपुस्तक दिलं. वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, मांडवाला महापालिकेची अन् पोलिसांची, मीटरसाठी महावितरणचा तात्पुरता जोड. हे सगळे अर्ज मीच लिहायचे असं ठरलं, कारण बाकीच्यांना लिहायचा कंटाळा. पण मला त्यातूनच सगळं कळलं. कुठल्या टेबलावर काय लागतं, कुठला कागद आधी जोडायचा, साहेब नसतील तर आवक-जावकला देऊन पोच घेऊन यायचं.

मी दोनच नियम घातले. पावती फाडल्याशिवाय पैसा घ्यायचा नाही, मग ते यंत्रमाग कामगारानं दिलेलं दहाचं नाणं का असेना. आणि विसर्जनानंतर जमाखर्च फ्लेक्सवर छापून मांडवाच्या जागीच लावायचा. फोटोवाले फ्लेक्स आपल्याकडं चिक्कार असतात, हिशोबाचा फ्लेक्स बघायला लोक थांबून वाचतात. दुसऱ्या वर्षी वर्गणी मागायला फिरताना "बसा मालक, चहा घ्या" म्हणायला लागले.

उत्तर (धागा सुरू करणारी): हिशोबाच्या फ्लेक्सचा नमुना इथे टाकाल का? फक्त मथळे, आकडे नकोत.

बाळीवेस: टाकतो. जमा बाजूला वर्गणी, देणगी, मागची शिल्लक. खर्च बाजूला मूर्ती, मांडव, वीज, वाद्यं, प्रसाद, समाजोपयोगी काम, किरकोळ. किरकोळ या मथळ्याखाली जास्त रक्कम जाऊ द्यायची नाही, लोक तिथंच बोट ठेवतात.

दक्षिण सोलापूर तालुका, बी.एस्सी. झाले

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. बरेच जण प्रमाणपत्रासाठी येतात, मीही त्याच हिशोबानं नाव दिलं होतं. आमचं शिबिर कर्नाटकाच्या सीमेजवळच्या एका गावात होतं. सांडपाण्याचे शोषखड्डे घ्यायचे आणि संध्याकाळी पथनाट्य करायचं.

पथनाट्य मराठीत बसवलेलं. पहिल्या संध्याकाळी पुरुष हसले, बायका नुसत्या बघत राहिल्या. माझ्या आईचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरी आम्ही कन्नड बोलतो. कार्यक्रम अधिकारी सरांनी विचारलं, "रात्रीतून कन्नडमध्ये करशील का?" मी आणि अजून एकानं कंदिलाएवढ्या उजेडात बसून संवाद बदलले. दुसऱ्या संध्याकाळी त्याच बायका मध्येच उत्तरं द्यायला लागल्या. एका आजींनी उभं राहून सांगितलं, की खड्डे तुम्ही चुकीच्या बाजूला खणताय, पावसाळ्यात पाणी तिकडूनच वाहतं.

सरांनी सकाळी सगळ्यांसमोर मला म्हटलं, आजच्या खड्ड्यांच्या जागा तू आणि त्या आजी मिळून ठरवा. मी त्यांच्यामागे घरोघर फिरले. नळाचं सांडपाणी कुठे साचतं, गुरं कुठे बांधतात, कुणाची कुणाशी बोलचाल नाही आणि म्हणून कुणाच्या दारात खड्डा घेता येणार नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग मुलांनी खणलं, मधे भोकं पाडलेली टाकी बसवली, भोवती दगड भरले. आजवर चार भाषांचं शहर म्हणून सोलापूरचं कौतुक ऐकलं होतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. पण घरची भाषा कॉलेजात कधी कुणी मागितली नव्हती. त्या दिवशी ती कामाची निघाली.

रक्तपेढीत काम करणारी, जुळे सोलापूर

माझा अनुभव मुलांच्या बाजूचा नाही, पलीकडचा आहे, पण चालेल ना?

जयंत्यांना शिबिरं लागतात तेव्हा आमच्याकडे पिशव्या ठेवायला जागा पुरत नाही. आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, शहर तापलेलं, नातेवाईक काउंटरवर उभे असतात आणि शीतकपाट रिकामं. लाल पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. फेब्रुवारीत दिलेलं रक्त मेमध्ये उपयोगाला येत नाही, ही साधी गोष्ट शिबिर घेणाऱ्यांना कुणी सांगितलेलीच नसते. उत्साह खरा असतो हो, त्याबद्दल वाद नाही.

एका मंडळातली कॉलेजची मुलं शिबिराची तारीख घ्यायला आली होती. मी त्यांना बसवून हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, शिबिर नका घेऊ, दात्यांची यादी करा. त्यातली एक मुलगी लगेच वही काढून बसली. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, बाईला चार महिन्यांचं. वय 18 च्या वर, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. त्या हिशोबानं त्यांनी दात्यांचे गट पाडले आणि उन्हाळ्यासाठी एक गट मुद्दाम राखून ठेवला. त्या गटाला जयंतीच्या शिबिरात रक्त द्यायला मनाई! मोठ्या कार्यकर्त्यांना ते पटलं नाही, आकडा कमी दिसेल म्हणाले. मुलगी ठाम राहिली. मी तिथे होते म्हणून सांगते, तिनं आवाज जरासुद्धा चढवला नाही, फक्त वही पुढे केली.

त्या मे महिन्यात त्यांचा गट फोन केला की येत होता. मला अशी मुलं अजून हवी आहेत. शिबिराचा विचार असेल त्यांनी आधी आपल्या रक्तपेढीत जाऊन "तुम्हाला कधी कमी पडतं?" एवढं विचारावं.

मुरारजी पेठ

थोडक्यात. नंदीध्वजाचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत मिरवायच्या उंच काठ्यांचा, सराव यात्रेच्या आधीपासून चालतो. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, वजन भरपूर. नवख्याला थेट मिरवणुकीत कुणी पेलू देत नाही. आधी गर्दी मागे सारायची, पाणी द्यायचं, पेलणारा बदलताना शेजारी उभं राहून बघायचं. कितीतरी काळ मी बघतच होतो. एका रात्री सरावात एक काका म्हणाले, "ये, धर." पांढरी बाराबंदी घालून पहिल्यांदा "हर्र बोला हर्र" ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, आजही येतो. गर्दी कशी सरकते, कुठं चेंगरते, म्हातारं माणूस कुठल्या बाजूनं बाहेर काढायचं, हे मला त्या उभं राहण्यातून आलं.

विडी घरकुल, एम.ए. करते

मी जरा कडू लिहिणार आहे, माफ करा, पण लिहिलं पाहिजे.

शहरात एक मोठा युवा कार्यक्रम होता. आमच्याकडून बस भरून मुलं नेली. सकाळी बसवलं, दुपारपर्यंत भाषणं, मधे टाळ्या, शेवटी खाण्याचं पाकीट. एकालाही कुणी काही विचारलं नाही. परत येताना बसमध्ये माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "खुर्च्या भरायला नेलं होतं आपल्याला."

आमच्या आया विड्या वळतात. सकाळी विड्या घालायला कारखान्यात जायचं, पान-तंबाखू घेऊन यायचं, मग दिवसभर सूप मांडीवर. मुलीसुद्धा शाळा-कॉलेज सांभाळून हाताखाली बसतात. अशा घरातल्या मुलीला सकाळी अकराची मीटिंग सांगितली तर ती येणारच नाही, आणि मग म्हणायचं की या मुली पुढे येत नाहीत. वेळ ठरवतानाच निम्म्या जणी गळतात.

म्हणून आम्ही आमचंच सुरू केलं. रात्री जेवणं झाल्यावर एक तास, एका घराच्या ओट्यावर. पेपर मोठ्यानं वाचायचा. आळीपाळीनं एकीनं तो तास चालवायचा, दुसरीनं शेवटी एका बातमीवर उभं राहून बोलायचं. आया विड्या वळत वळत ऐकतात. कामगार कल्याणाच्या शिष्यवृत्तीची बातमी अशीच एकदा वाचनात आली. त्या महिन्याचा तास जिच्याकडे होता, तिनं सगळ्यांचे अर्ज भरून घेतले. ती तेव्हा दहावीत होती. तिच्या आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र, बँक पासबुक, गुणपत्रिका, सगळं तिला तोंडपाठ झालं होतं, कारण तिनं आधी स्वतःचा अर्ज भरला होता.

आता नगरसेवकांकडे पाण्याच्या वेळेबद्दल निवेदन न्यायचं असलं की मुलीच लिहितात. पाणी रात्री-अपरात्री सुटलं की भरायलाही त्याच उठतात, त्यामुळे निवेदनात काय लिहायचं हे त्यांना सांगावं लागत नाही.

उत्तर (धागा सुरू करणारी): हे कडू नाही. रात्रीच्या तासासाठी जुने अंक, मासिकं हवी असतील तर वाचनालयातून मी काढून ठेवते. आणि आमच्या बैठका यापुढे संध्याकाळी साडेसातनंतर घ्यायच्या, हे मी समितीपुढे मांडते आहे.

पंढरपूर

आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात हरवलेल्यांच्या मदत केंद्रावर काम केलं. माइकवर कोण बसणार म्हणून विचारलं, मी हात वर केला. माणूस हरवलं की त्याला स्वतःचं गाव सांगता येतं, दिंडी सांगता येते, पण आपण आत्ता कुठे उभे आहोत ते सांगता येत नाही. म्हणून "जिथे असाल तिथेच थांबा, जवळच्या पोलिसाला दिंडीचा नंबर सांगा" हे आधी बोलायचं आणि नाव नंतर, असा क्रम आम्ही लावला. एवढ्या मोठ्या वारीत तेवढ्यानं बराच फरक पडला.

मंगळवेढा तालुका, वय 24

माझा अनुभव ग्रामसभेचा. आमच्यातल्या बहुतेकांना वाटतं निवडणुकीला उभं राहिल्याशिवाय गावात बोलता येत नाही. ग्रामपंचायतीला उभं राहायला 21 वय लागतं, पण गावच्या मतदार यादीत नाव आलं की ग्रामसभेत बोलायचा हक्क असतो, म्हणजे 18 पासून. वर्षात किमान चार सभा घ्यायच्या असतात, आणि त्याआधी महिलांची सभा. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. आमच्या गावात सभा तहकूब होण्याचीच सवय झाली होती.

आम्हाला अभ्यासिकेसाठी जुनी शाळाखोली हवी होती. एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं, सभेत ओरडू नका, विषय आधी लेखी द्या. ग्रामसेवकांकडे अर्ज देऊन पोच घेतली, विषय विषयपत्रिकेवर आला. मग गुरुजींनी मला म्हटलं, माणसं जमवायचं काम तुझं. मी वस्त्यांवर फिरलो. ज्वारीच्या काढणीचे दिवस, म्हणून सभेची वेळ संध्याकाळची मागून घेतली. सभा भरली. विरोधही झाला, खोलीत कुणाचा तरी कडबा होता! कडबा कुठे हलवायचा ते सभेतच ठरलं, ठराव झाला, आणि ठरावाची नक्कल मी त्याच आठवड्यात मागून घेतली. ती हातात नसेल तर पुढं कुणी ओळख देत नाही.

सात रस्ता, एक पालक

माझी मुलगी अकरावीत आहे. बुजरी आहे, पण वरचं सगळं तिनं माझ्याकडून वाचून घेतलं. तिला कुठून सुरुवात करू द्यावी?

दक्षिण सोलापूर तालुका: काका, अकरावी-बारावीलाही राष्ट्रीय सेवा योजना असते, तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात एकक आहे का ते आधी विचारा. नावं वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात, त्यामुळे प्रवेश झाला की कार्यक्रम अधिकाऱ्यांना तिलाच जाऊन भेटू द्या, तुम्ही दाराबाहेर थांबा.

अशोक चौक: अन् श्रावणात आमच्याकडं पाठवा. बुजऱ्या पोरींना मी शेवटच्या रांगेत भरवशाच्या दोघींच्या मधे उभी करते. घरी सोडायच्या यादीत सात रस्ता नाहीये अजून, तेवढा घालावा लागंल.