देशात टाइप २ डायबेटिस नक्की किती लोकांना? आकडे जुळतच नाहीत

निवांत_वाचक: एकाच देशाचे दोन रिपोर्ट बघितले, टक्केवारीत केवढा फरक! दोन्ही नावाजलेल्या संस्थांचे. कोण फेकतंय?

लॅबवाली: फेकत नाहीये कुणी. मोजलंय कसं ते बघा आधी. "डॉक्टरांनी तुम्हाला शुगर सांगितलीये का" एवढंच विचारलं तर ज्यांना माहीतच नाही ते सगळे सुटतात, आणि ते थोडेथोडके नाहीत, आयडीएफच्या (इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशन) २०२१ च्या अंदाजात जगात २० ते ७९ वयाचे ५३.७ कोटी डायबेटिसवाले होते आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना पत्ताच नव्हता. रक्त तपासलं की आकडा वर जाणारच. त्यात परत टेस्ट कुठली? उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.५ टक्के किंवा जास्त, तोच माणूस एकीत बसतो आणि दुसरीत नाही.

आकडेमोड_७: वय पण बघा ना. म्हातारी माणसं जास्त असलेल्या देशात टक्का आपोआप फुगतो, म्हणून तुलनेसाठी वयानुसार अ‍ॅडजस्ट केलेला आकडा वेगळा देतात, लोक दोन्हीची सरमिसळ करतात आणि मग भांडतात. शिवाय उपचार सुधारले की पेशंट जास्त जगतात, म्हणजे नवीन केसेस वाढल्या नाहीत तरी एकूण टक्का वाढू शकतो. बातम्यांत हे कोण सांगतंय!

निवांत_वाचक: ओके, पण यात टाइप १ वेगळा काढतात का?

लॅबवाली: बऱ्याच सर्व्हेत नाही काढत. पण ९० टक्क्यांहून जास्त टाइप २ च असतो, त्यामुळे फार फरक नाही पडत.